दुसऱ्याचा कान

लोणावळ्यात रेल्वेच्या रुळांलगत ज्यांची घरे आहेत त्यांना रात्री गाड्यांचा आवाज ऐकू येत नाही. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला हे सांगितले की तो हसतो, कारण पहिल्या रात्री तो स्वतः अंथरुणावर चार वेळा उठून बसलेला असतो. घाट चढून आलेल्या गाडीला कर्जतपासून मागून रेटणारी इंजिने येथे सुटतात, भोंगे वाजतात, डब्यांना हिसके बसतात, आणि त्या सगळ्या खडखडाटात घरातले तान्हे मूल मूठ चोखीत स्वस्थ निजलेले असते. गंमत पुढेच आहे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून गाड्या बंद पडल्या म्हणजे याच घरांतली म्हातारी माणसे मध्यरात्री दचकून जागी होतात आणि अंधारात एकमेकांना विचारतात, "आज काय झालं?" त्यांना शांतता ऐकू आलेली असते.

भोर घाटातून 1863 साली गाडी वर आली. त्यापूर्वी सात वर्षे डोंगरात सुरुंग फुटत होते. पंचवीस बोगदे खोदले गेले आणि हजारो मजूर त्या कामी आले. पुढे वाफेची इंजिने धापा टाकीत चढत. 1929 च्या सुमारास घाटात वीज आली तेव्हा धापा गेल्या, भोंगे राहिले. 2002 पासून द्रुतगती मार्ग सबंध सुरू झाला आणि मालमोटारींच्या चाकांची अखंड घरघर त्यात मिळाली. तेव्हा आवाजाविषयी बोलण्याचा अधिकार या गावाला आहे, असे मी मानतो. आमच्या गावाचे या बाबतीतले तत्त्वज्ञान एका शब्दात मावते, आणि तो शब्द म्हणजे 'सवय'. नवी सून आली, तिला झोप लागेना, तर सासू सांगणार, "होईल सवय." शेजारी पिठाची गिरणी निघाली, होईल सवय. आणि खरोखरच होते. माणसाच्या कानाची ही शक्ती मी कमी लेखीत नाही. ती नसती तर या देशात कोणाला संसार करता आला नसता.

पण या तत्त्वज्ञानाला आमच्याच घरात एक खिंडार पडले आहे. ते नऊ वर्षांचे आहे आणि माझ्या थोरल्या भावाचा नातू लागते.

हा मुलगा कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसतो. पंक्तीत स्टीलचे भांडे पडले की त्याचा चेहरा पांढरा होतो. रेल्वेचे मात्र त्याला काही वाटत नाही. उलट कोणती गाडी किती उशिरा आहे हे तो आवाजावरून सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात कर्णा सुरू झाला तेव्हा तो वर्गात बाकाखाली जाऊन बसला, आणि कोणीतरी त्याला हाताला धरून बाहेर ओढले. त्या दिवसापासून आठवडाभर तो शाळेत गेला नाही. दिवाळी तर त्याला दसऱ्यापासूनच दिसू लागते, म्हणजे भीतीने. कानाच्या डॉक्टरांनी यंत्रावर त्याचे कान तपासले. ऐकणे अगदी सर्वसामान्य निघाले. साध्या आवाजाने असह्य त्रास होण्याला वैद्यकात 'हायपरॅक्युसिस' असे नाव आहे, एवढे आम्हांला कळले. नाव कळल्याने आईवडिलांना थोडा धीर आला. वहिनींना तो आला नाही. "भाऊजी, आमच्या वेळी असली नावं नव्हती आणि असली पोरंही नव्हती," असे त्या मला म्हणाल्या. यावर मी एवढेच म्हटले की पोरे असतील, बाकाखाली असतील.

घरात यावर दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, हे लाड आहेत. मुलाला आवाजात बसवा, दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी सरावेल. दुसरा म्हणतो, त्याला दुखते आहे. दोन्ही पक्षांत प्रेमाची उणीव नाही. ज्यांना तो कणखर व्हावासा वाटतो त्यांना तो पुढे एकटा पडेल ही चिंता आहे, आणि ही चिंता काही खोटी नाही. मला ज्या प्रश्नाने गाठले तो याच्या मुळाशी आहे. एकच शिट्टी माझ्या कानावर पडते आणि त्याच्याही. मला ती भात झाल्याची वर्दी आहे, त्याला ती सुई आहे. त्याच्या सुईवर मी विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? पायात काटा रुतला तर काटा दाखवता येतो. ताप आला तर पारा चढतो. येथे मात्र दुखवणारी वस्तू मी स्वतः त्याच क्षणी ऐकली आहे, आणि मला काही झालेले नाही. दुसऱ्याच्या दुःखावर अविश्वास दाखवायला याहून चांगला पुरावा कोणता मिळणार? 'मीही तेथेच होतो' हे वाक्य जगात पुष्कळ अन्यायाच्या मुळाशी असते.

आवाजाने हैराण होणाऱ्या माणसांनी स्वतःची बाजू नेहमीच चांगली मांडली आहे असेही नाही. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअर याने 1851 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक निबंध केवळ गोंगाटावर आहे. गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांनी त्याचा जीव मेटाकुटीला येई. येथवर त्याच्याविषयी सहानुभूती वाटते. पण तो तेथे थांबत नाही. माणसाची बुद्धी जितकी मोठी तितकी त्याची गोंगाट सोसण्याची शक्ती कमी, असा सिद्धान्त तो काढतो, आणि त्या मापाने स्वतःला कोठे बसवतो हे सांगायला नको. इंग्लंडात कार्लाइल याने शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांना कंटाळून 1853 मध्ये आपल्या लंडनच्या घरावर खास आवाजबंद खोली बांधवून घेतली. ती साफ फसली. पैसे गेले आणि आवाज राहिले. मला या दोघांचे हसू येते, कारण पुढे ज्यांनी या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला त्यांना असे दिसले की गोंगाटाचा त्रास होणे आणि कान तीक्ष्ण असणे यांचा फारसा संबंध नाही. मग बुद्धीची तर गोष्टच सोडा. आमचा मुलगा हुशार आहे म्हणून त्याला शिट्टी टोचते असे नाही, आणि वहिनींना ती टोचत नाही म्हणून त्या जाड कातडीच्या ठरत नाहीत. कोमल कान हा गुण नव्हे आणि अवगुणही नव्हे. काहींना उन्हाने डोके दुखते, तसे ते आहे. पण डोके दुखणाऱ्याला आपण सावलीत बसू देतो. तो उन्हाला नाके मुरडतो असे कोणी म्हणत नाही.

आता माझ्या भाच्याची हकीगत सांगितली पाहिजे, कारण या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी खिडकी त्याने मला दाखवली. हा मुलगा पुण्यास संगणकावरचे खेळ रचण्याचे काम करतो. दिवसा एका कंपनीसाठी रचतो ते खेळ विकले जातात, रात्री दोघा मित्रांबरोबर रचतो ते विकले जात नाहीत. असल्या रात्रीच्या खेळांपैकी एक तालाचा खेळ होता. हा प्रकार मला ठाऊक नव्हता. पडद्यावर खुणा सरकत येतात, संगीत चालू असते, आणि बरोबर ठेक्यावर बोट दाबायचे. 1990 नंतरच्या दशकात जपानात या खेळांना बहर आला. त्यांतला एक 1998 साली निघालेला खेळ तर पायांनी नाचत खेळायचा असे आणि त्यापुढे रांगा लागत. भाच्याने आमच्या घरातल्या मुलाला पाहिले होते. त्याने हाच प्रकार उलटा केला.

त्याच्या खेळात एक लहान मूल बाजारातून घरी चालले आहे. ठेका अगदी सोपा, आपल्या केरव्यासारखा. पावलागणिक बोट दाबायचे, की मूल पुढे जाते. वाटेत आवाज भेटतात. कुकर, मोटारीचा भोंगा, हातगाडीची घंटा, ढोल. प्रथम ते ठेक्यातच असतात आणि मजा वाटते. मग एकेक आवाज ठेका सोडू लागतो. पडणारे भांडे कधी पडेल याचा नेम राहत नाही. तुमचे बोट चुकते, मूल अडखळते, पडदा थरथरतो. कान झाकण्यासाठी एक वेगळी कळ आहे. ती दाबली की आवाज एकदम बसतो. मात्र दर वेळी पडद्यावरचे एक माणूस पुसले जाते. आधी फुलवाला जातो, मग मित्र, मग हाक मारीत बरोबर चालणारी बहीण. घरी पोचता येते, पण पोचल्यावर घरात कोण उरले असेल हे तुम्ही वाटेत किती वेळा कान झाकले त्यावर ठरते.

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. दहा मिनिटे खेळलो आणि उठलो. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही हरलात." मी म्हटले, "अरे, मी उठलो." तो म्हणाला, "तेच. तुम्हांला उठता आलं."

या वाक्याने मला पुष्कळ दिवस पुरवले. असा प्रयत्न करणारा तो पहिला नव्हे. कॅनडात व्हँकुव्हर येथे 2013 मध्ये काही तरुणांनी 'ऑटि-सिम' नावाचा लहानसा खेळ केला होता. त्यात खेळणारा क्रीडांगणावरचा एक स्वमग्न मुलगा होतो. इतर मुलांच्या जवळ जावे तसा गलका वाढत जातो आणि दृष्टीपुढे मुंग्या येतात. दूर कोपऱ्यात जाऊन उभे राहावे तेव्हा जग पुन्हा स्वच्छ होते. जो मुलगा मधल्या सुट्टीत भिंतीशी उभा राहतो त्याला आपण 'एकलकोंडा' म्हणून मोकळे होतो. तो तेथे का उभा आहे हे पाच मिनिटांत कळवणे काही लहान काम नव्हे. कथाकादंबऱ्याही हेच करतात, पण कथेतला कान लेखकाच्या शब्दांतून ऐकावा लागतो. खेळात तो स्वतःच्या डोक्यावर चढवता येतो.

तरी यात एक लबाडी आहे, आणि माझ्या भाच्याने ती स्वतःच दाखवली हा त्याचा प्रामाणिकपणा. खेळणाऱ्याजवळ खेळ बंद करायची कळ आहे. मुलाजवळ ती नाही. एखादा श्रीमंत मनुष्य एक दिवस उपाशी राहून भूक समजली म्हणतो, त्याला भूक समजलेली नसते, पोटातला खड्डा समजलेला असतो. उद्या जेवण मिळेल की नाही हे न कळणे ही खरी भूक. तसेच आवाजाचे असावे, असे मला वाटू लागले. पुढे वाचता वाचता एका जुन्या प्रयोगाची गाठ पडली. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग 1972 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांनी माणसांना कामाला बसवले आणि मधूनमधून, नेम नसलेल्या वेळी, कर्कश आवाज ऐकवले. त्यांतल्या काहींपुढे एक बटण ठेवले आणि सांगितले की अगदीच सहन झाले नाही तर हे दाबा, आवाज थांबेल, पण न दाबाल तर बरे. बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. नंतर जेव्हा शांततेत त्यांना अवघड कोडी आणि मुद्रिते तपासण्याचे काम दिले, तेव्हा बटण असलेल्यांनी कोड्यांशी जास्त वेळ झुंज दिली आणि मुद्रितांत कमी चुका केल्या. न वापरलेल्या बटणाने त्यांना वाचवले होते. ज्यांना आवाज केव्हा होणार हे आधी कळत होते तेही असेच बरे राहिले.

मला वाटते, आमच्या गावातल्या सवयीचे गूढ येथे उकलते. रुळांलगतची माणसे आवाजाला सरावली हे अर्धेच खरे. ती वेळापत्रकाला सरावली आहेत. गाडी येणार हे त्यांचे शरीर जाणते. म्हणून ती आली तर झोप मोडत नाही, आणि आली नाही तर मोडते. आमचा मुलगा गाडीला भीत नाही आणि पडणाऱ्या भांड्याला भितो याचेही कारण हेच दिसते. ताल म्हणजे तरी काय? पुढचा ठोका कोठे पडणार हे ठाऊक असणे. मावळच्या माणसाला हे शिकायला परदेशी जायला नको. लोणावळ्यापासून जवळच भाजे लेण्यांतल्या एका विहारात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात, एक बाई नाचते आहे आणि दुसरी दोन तालवाद्ये वाजवते आहे. तबल्याचा पूर्वज म्हणून कित्येक अभ्यासक तिच्याकडे बोट दाखवतात. तिचे हात दगडात थांबले आहेत, तरी पाहणाऱ्याला पुढचा ठोका कळतो. आपल्या तालात तर शांततेलाही जागा नेमून दिली आहे. त्रितालात नवव्या मात्रेवर खाली येते. तबलजी तेथे डग्ग्याचा घुमारा काढून घेतो, आणि ती मोकळी जागाच ऐकणाऱ्याला समेची आठवण देते. आवाज आणि गोंगाट यांत डेसिबलचे अंतर असेल ते असो. ज्याची चाहूल मला दिली गेली तो आवाज, आणि जो माझ्यावर टाकला गेला तो गोंगाट, असे म्हणण्यापर्यंत मी आलो होतो.

पण हा सिद्धान्त भाच्याला ऐकवल्यावर तो म्हणाला, "मामा, डीजे तर अगदी ठेक्यात असतो." खरे आहे. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींचा ठेका घड्याळाहून पक्का असतो आणि घराच्या खिडक्या त्याच ठेक्यात थरथरतात. पुढचा ठोका कळतो, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते. तेव्हा चाहूल पुरेशी नाही. त्या प्रयोगातले बटणही हवे. आपण सांगितले तर थांबेल, हा भरवसा हवा. आपल्याकडे हे बटण कोणाच्या हाती आहे?

कायद्याने एक बटण दिले आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद, मात्र सणांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 मध्ये यावर सविस्तर निकाल दिला, आणि 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना संध्याकाळचे आठ ते दहा असे दोन तास नेमून दिले. फटाक्याला चार मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा त्याही आधीपासून आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो हे लक्षात घेतले, तर 55 आणि 125 यांत केवढी दरी आहे हे ध्यानात येईल. असो. हे नियम आवश्यक आहेत आणि ते पाळले जात नाहीत, या दोन्ही गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत. मला सांगायचे ते निराळे. यंत्राला कान एकच असतो आणि तो सर्वसाधारण असतो. कायदा सरासरी कान धरून चालतो. त्याला दुसरे काही करताही येणार नाही, कारण प्रत्येक गल्लीतला सर्वांत कोमल कान शोधून त्याप्रमाणे नियम केला, तर लग्नेसुद्धा कुजबुजत लावावी लागतील. आमच्या मुलाला 50 डेसिबलची शिट्टीही टोचते. तो कायद्याच्या आत राहूनच दुखावला जातो. त्याच्यासाठी जे काही करायचे ते यंत्र जेथे 'ठीक आहे' म्हणते त्याच्या पुढेच करावे लागणार.

आणि येथे दुसऱ्या बाजूचे माणूस पाहिले पाहिजे, नाही तर हा निबंध शोपेनहॉअरच्या वळणावर जाईल. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर उभे राहून पाहा. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेल्या या धरणाच्या पायऱ्यांवर पाणी वाहू लागले की अर्धी मुंबई आणि अर्धे पुणे तेथे लोटते. मोटारींची दारे उघडी, प्रत्येकीतून निराळे गाणे. ज्यांनी शांततेसाठी येथे बंगले बांधले ते कपाळाला हात लावतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या बंगल्यांतून रात्री एक वाजता जे ऐकू येते त्याने त्यांचे माळी कपाळाला हात लावतात. वाटेवर मक्याची कणसे भाजून विकणारी एक बाई मला ओळखते. इतक्या कलकलाटात दिवसभर बसून डोके दुखत नाही का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "दुखतं की. पण आवाज नसला की पोट दुखतं." 2020 च्या टाळेबंदीत लोणावळा असा शांत झाला होता की राजमाची पॉइंटवर उभे राहिल्यास दरीतल्या पाण्याचा आवाज यावा. पुष्कळांनी त्या शांततेची वर्णने केली. त्या बाईच्या दृष्टीने ती शांतता म्हणजे भाजायला कणीस नसलेली शेगडी होती. कोमल कान परवडण्यासाठी दार लावून घेता येईल असे घर लागते. खडी फोडण्याच्या यंत्रावरचा मजूर, मिरवणुकीत चार-चार तास ताशा बडवणारा पोरगा, यांचे कान हळूहळू जातात आणि त्यांच्यासाठी कोणी खेळ रचीत नाही. आमच्या मुलाच्या सुईवर विश्वास ठेवायचा तर यांच्याही ठेवला पाहिजे. ते कानावर हात ठेवीत नाहीत, कारण त्यांचे हात कामात असतात.

कार्ल्याला गेले की हा सगळा वाद एका अंगणात उभा दिसतो. देशातले सर्वांत मोठे चैत्यगृह तेथे आहे. सव्वाशे फुटांच्या आसपास लांब, वर दगडी कमान आणि तिच्यात आजही टिकलेल्या जुन्या लाकडी फासळ्या. आत एक शब्द बोलला तर तो घुमून परत येतो. भिक्षू पावसाळ्यात येथे वस्तीला राहत. गौतमीपुत्राच्या वेळच्या लेखात त्यांना दिलेल्या जमिनीच्या सवलती कोरल्या आहेत. तेथे राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, इत्यादी. आवाज करू नये असे कलम त्यात नाही. तेव्हा त्याची गरज भासली नसावी. आणि त्याच चैत्याच्या दारात एकवीरा आई बसली आहे. कोळ्यांची ती कुलस्वामिनी. चैत्रात पालख्या येतात, बँड येतो, आणि ज्या आनंदाने ती माणसे समुद्रकाठाहून डोंगर चढून आईपुढे नाचतात तो आनंद मुक्याने व्हावा असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वर्षभर लाटांशी ओरडून बोलणाऱ्या माणसांची ती प्रार्थना आहे. एकवीरेपुढचे वाद्य मला गोंगाट वाटत नाही. तेच वाद्य एखाद्या बाळंतिणीच्या खिडकीखाली कर्ण्यातून वाजले तर वाटेल. आवाज तोच आहे.

माझ्या लहानपणी या भागात लग्नाची वरात निघे तेव्हा वाजंत्री सुरू होण्याआधी घरातले एक कर्ते माणूस वाटेवरच्या घरांपुढून चालत जाई. कोणी आजारी आहे का, कोणाकडे सुतक आहे का, एवढे विचारून येई. अशा घरापुढे सनई थांबे. वीस-पंचवीस पावले वरात मुकी चाले आणि पुढे गेल्यावर पुन्हा सूर धरी. मी ते अनेकदा पाहिले आहे. कोणाला त्यात आपल्या आनंदाचा अपमान वाटला नाही. पुष्कळदा आतला आजारी माणूसच म्हणे, "वाजवा रे, लग्न आहे." विचारले म्हणजे माणूस बहुधा होकार देतो, हे त्या प्रयोगातल्या न दाबलेल्या बटणासारखेच आहे. जुन्या काळाची थोरवी गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळी आवाजावाचूनच्या पुष्कळ गोष्टी न विचारता केल्या जात आणि त्या याहून जास्त दुखत. पण हा विचारण्याचा रिवाज मात्र चांगला होता. तो गेला, कारण आता वाजवणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखत नाहीत, आणि कर्ण्याला विचारत फिरण्याइतके पाय नसतात.

यंदा आमच्या गल्लीने तो थोडा परत आणून पाहायचे ठरवले. मुलाच्या आईने घरोघर जाऊन सांगितले. कोणी वाईट बोलले नाही. एकाने फक्त, दिवाळी वर्षातून एकदाच येते, असे म्हटले, आणि पुढे स्वतःच फटाके नदीकाठच्या मैदानावर नेण्याचे कबूल केले. सगळे सुरळीत होत आले होते, तोच समोरच्या आजींनी हरकत घेतली. त्या नव्वदीच्या आहेत. त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. नातवंडे काय बोलतात, आरती कोणती चालली आहे, काही पोचत नाही. फुलबाजी दिसते, पण ती त्यांना चित्रासारखी वाटते. लवंगी माळ वाजली तरी कळत नाही. दिवाळीचा एकच आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि तो कानांतून नव्हे, छातीतून. तो म्हणजे सुतळी बॉम्ब. "एक तरी लावा रे," त्या मला म्हणाल्या, "म्हणजे मला कळेल की लक्ष्मी आली."

आता दोन कान एकाच गल्लीत समोरासमोर आहेत, आणि एकाच्या सुखाला लागणारा आवाज दुसऱ्याला सर्वांत जास्त दुखवणारा आहे. ग्लास आणि सिंगर येथे उपयोगी पडत नाहीत, 2000 सालचे नियमही पडत नाहीत. भाच्याला मी फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "मामा, हे खेळात घालायला हवं होतं." मुलाला आम्ही सारे जसेच्या तसे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "आजींना खरंच दुसरं काही ऐकू येत नाही?" मी म्हटले, नाही. "गाडीसुद्धा?" मी म्हटले, गाडीसुद्धा नाही. याचे त्याला फार वाईट वाटलेले दिसले.

शेवटी त्यानेच वेळ नेमून दिली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी, एकच, आणि त्याआधी मी खालून तीनदा हाक मारायची. त्या वेळी तो माडीवर उशा घेऊन बसणार, की खाली येऊन आजींच्या जवळ उभा राहणार, हे त्याने अजून ठरवलेले नाही.